फ्राफ्रा बाईची जीभ

तीस वर्षं त्या गावात शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी यायचं ते पर्पेतुआच्या हाताने. बिया भाजून दळल्या की तपकिरी लगदा परातीत घ्यायचा, पाणी शिंपडत कोपरापर्यंत हात घालून तो घुसळायचा, आणि तासाभराने पांढरं लोणी वर आलं की बाकीच्या बाया हुश्श करायच्या. कुणाचा हात जरा चुकला की पर्पेतुआ तिला सरळ बाजूला सारून स्वतः बसायची. शिकवत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं, असं तिचं म्हणणं. कामाला ती वाघीण होती, पण वाघिणीच्या शेजारी बसून शिकतंय कोण!

मग यंदा तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी बजावलं की परातीला हात लावायचा नाही, नाहीतर पुढे घास उचलायचेही वांधे होतील.

तिच्या जागी फिलोमेना बसू लागली. बावीस वर्षांची, दणकट, पण बुजरी पोर. पर्पेतुआ स्टुलावर बसून सूचनांचा भडिमार करायची. "गार पाणी घाल! जोरात! अगं, लोणी काढतेयस की बाळाला न्हाऊ घालतेयस?" फिलोमेना मान खाली घालून सांगेल तसं करायची. तरी गावागावांतून लोणी विकत घेणाऱ्या संघाने पहिला घाणा परत पाठवला, आत पाणी राहिलंय म्हणून. दुसराही परत आला. सोबत निरोप होता: तिसरा परत आला तर यादीतून गावाचं नाव कमी होईल आणि लोणी काढायच्या शेडमधली संघाची दळणाची गिरणी दुसऱ्या गावाला जाईल. ती गिरणी येण्याआधी हेच दळण पर्पेतुआने दगडावर वाटलं होतं. त्या आठवणीनेच तिचा खांदा दुखायचा.

शेडमध्ये सगळ्या दगाबा जमातीच्या. एकटी आयिनपोका फ्राफ्रा जमातीची होती, शाळेतल्या मास्तरांची बायको, पाच वर्षांपूर्वी गावात आलेली. दगाबा आणि फ्राफ्रांचं थट्टेचं नातं आजोबा-पणजोबांपासूनचं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, रागावायचं मात्र कुणी नाही. रागावला तो हरला. कुत्र्याच्या मटणातलं डोकं कुणाचं आणि शेपूट कुणाचं, यावरून तर पिढ्यान्‌पिढ्यांची चिडवाचिडवी. पर्पेतुआपुढे ज्यांची बोबडी वळायची त्या बायांना आयिनपोका म्हणजे करमणूक होती.

"म्हातारे, या गारठ्यात गार पाणी? लोणी काढतेयस की मुडदा धुतेयस?" ती म्हणायची.

"फ्राफ्रे, तुम्हाला कुत्र्याचं डोकं शिजवायला गरम पाणी लागतं, तेवढंच तुला ठाऊक," पर्पेतुआ उत्तर द्यायची.

"डोकं तर तुम्हीच पळवता! आम्हाला शेपूट ठेवता!"

शेड हसून हसून लोळायची आणि फिलोमेना गार पाणी ओतत राहायची.

तिसऱ्या घाण्याच्या दिवशी हरमाटन, वाळवंटाकडून येणारा थंडीतला कोरडा वारा, सुटला होता. अंगावर धूळ, ओठ फुटलेले. परातीतला लगदा घट्ट होऊन बसला होता. पर्पेतुआचं ओरडून ओरडून झालं, आणि एकाएकी तिची शब्दांची पोतडीच रिकामी झाली. पावसाळ्यात संघाने शिकवावं कसं याचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. "सांगू नका, विचारा," असं तिथला माणूस घोकत होता. ज्याला येतं त्याने विचारायचं, हा कुठला न्याय, असं मनाशी म्हणत पर्पेतुआने दुपारभर डुलक्या काढल्या होत्या. आज दुसरं काही उरलंच नव्हतं.

"फिलोमेना, तुला काय वाटतं?"

पोर दचकली. "मा, तुम्ही म्हणाल तसं."

तिने दुसरीला विचारलं. तिसरीला विचारलं. सगळ्यांचं एकच, तुम्ही म्हणाल तसं. पर्पेतुआला उमगलं. आपल्याला खरं सांगेल असं इथे कुणीच नाही. एक सोडून.

"आयिनपोका, इकडे ये."

"का गं म्हातारे, शेपूट परत देतेयस?"

"आज थट्टा नको. मला कळत नाहीये. तू सांग."

दगाबा बाईने फ्राफ्रा बाईशी इतकं सरळ बोलावं, हे कुणी ऐकलं नव्हतं. आयिनपोकाने हात फडक्याला पुसले.

"पाणी कोमट हवं," ती म्हणाली. "तू कोमटच घ्यायचीस. थंडी पडली की गार पाण्याचा तांब्या घ्यायचीस, आणि दुसरा हात चुलीवरच्या भांड्यात घालून पसाभर कढत पाणी त्यात मिसळायचीस. दर वेळी."

"मी? खोटं! मी आयुष्यभर गार पाणी घेतलंय!"

रागावला तो हरला, हे तिच्या ध्यानातही राहिलं नाही. तेवढ्यात फिलोमेना पुटपुटली, "मा, मिसळायचात तुम्ही. मीच तर ते भांडं चुलीवर ठेवायचे."

एकेक करत सगळ्यांनी माना हलवल्या. पर्पेतुआने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या टोकांची कातडी कढत पाण्याने जाड झालेली होती. तीस वर्षं हाताला जे माहीत होतं ते तोंडाला कधी कळलंच नव्हतं, आणि तोंड मात्र अख्ख्या गावाला शिकवत सुटलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"या बाया तुझ्या धाकाने गप्प," आयिनपोका म्हणाली. "आणि मी तर पंधरा दिवस बोलतेय. तू हसत होतीस."

पर्पेतुआने स्टूल परातीजवळ ओढलं. हात शिवशिवत होते म्हणून ते तिने मांड्यांखाली दाबून धरले.

"फिलोमेना, लगदा हाताला कसा लागतोय?"

"जड. बोटांना धरून बसतोय."

"त्याला काय हवंय?"

फिलोमेनाने लगदा बोटांत चोळून पाहिला. उत्तर पर्पेतुआच्या जिभेवर येऊन ठेपलं होतं आणि ते गिळणं तिला खांद्याच्या दुखण्याहून अवघड गेलं.

"थोडं गरम," शेवटी पोर म्हणाली. "पण एकदम नको. एक ओंजळ घालते, मग बघते."

"बघ."

आयिनपोका ओंजळीने पाणी देत गेली, फिलोमेना घुसळत गेली. दोनदा तिचं चुकलं, दोनदा तिनेच सुधारलं. दुपार कलताना लगद्याचा रंग उतरला आणि पांढरंशुभ्र लोणी वर आलं. कुणी ओरडलं नाही. एकमेकींकडे बघून बाया नुसत्या हसत राहिल्या.

आठवड्याने संघातून फोन आला. घाणा पहिल्या प्रतीचा ठरला होता, गिरणी राहणार होती. बाकीच्या गावांचं लोणीही थंडीत बिघडत होतं, तेव्हा तिकडे शिकवायला पाठवायचं म्हणून संघाला एक नाव हवं होतं. पर्पेतुआचंच लिहू ना, असं फोनवरचा माणूस म्हणाला. सगळ्या बायांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आयिनपोका लिहा," पर्पेतुआ म्हणाली.

"फ्राफ्रा? दगाबांच्या गावांत शिकवायला?" फोनवरचा माणूस चमकला.

"हो. ती बघते. मी नुसती करत होते." ती जरा थांबली. "आणि तिच्यासोबत माझंही नाव घाला. शिकणाऱ्यांत."

फोन ठेवून ती वळली आणि टोमण्याची वाट बघत उभी राहिली. आयिनपोकाने चुलीकडे मान वळवली. पदर नाकाला लावून ती म्हणाली, "धूर फार झालाय गं इथे, मा."

मा! पाच वर्षांत तिने ही हाक कधी मारली नव्हती.