शेजारच्या विहिरीचं पाणी

माझी विहीर म्हातारी आहे. तेलाची विहीर, मी तिच्यावरची ऑपरेटर. कुंपणापलीकडे दुसऱ्या कंपनीने नवी खोदली, आणि तिथली इंजिनियर म्हणजे माझी लेक. मी तोंडाची फटकळ, ती माझ्यावरच गेलेली. तिने ती नोकरी धरली तेव्हा मी म्हणाले होते, "जा, आईच्याच विहिरीवर डल्ला मार." तेव्हापासून बाईसाहेबांचा फोन नाही. खुशाली काय ती धाकट्याकडून कळते. पलीकडे पिवळी हेल्मेटं दिसली की त्यातलं तिचं कुठलं, हे मी खुळ्यासारखी शोधत बसते.

खोलवरचा खडक फोडायला पलीकडचे लोक पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत रेटतात. माझ्या विहिरीने वर्षानुवर्षं तेल उपसून आजूबाजूच्या खडकातला जोर घालवलाय, त्यामुळे ते पाणी नेमकं माझ्याकडेच धाव घेतं. शिरलं तर वाळूने पंपाचे बारा वाजतात, म्हातारी कायमची आटूही शकते. म्हणून त्यांनी आधी निरोप पाठवायचा, आम्ही विहीर बंद करून तसं कळवायचं. आमचं उत्तर आलं नाही, तर तिथल्या इंजिनियरने स्वतः फोन करून विचारायचं. तोवर काम सुरू करायचं नाही.

सकाळी निरोप आला. मी विहीर बंद केली. उत्तर मात्र पाठवलं नाही.

"ताई, उत्तर राहिलं," दुपारी माझा जोडीदार ऑपरेटर म्हणाला.

"राहू दे."

"तिकडे सगळ्यांचा खोळंबा होईल."

"होऊ दे की. माझा काय कमी झालाय?"

तो बिचारा गुपचूप चहा ओतायला गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"विहीर बंद आहे का?" तिचाच आवाज. घसा बसलेला होता.

"आहे."

"मग कळवलं का नाही?"

"विसरले."

"तू? आणि विसरलीस?" ती म्हणाली. "सकाळपासून तुझा पंप थांबलेला दिसतोय मला इथून. तरी विचारावं लागतं. दाब वाढला की लगेच फोन कर." आणि फोन ठेवला.

म्हणजे तीही इकडे बघत असते तर. मी दाबाच्या काट्यासमोर खुर्ची ओढून बसले. काटा चढणं म्हणजे पलीकडचं पाणी माझ्या विहिरीत शिरणं; एरवी तो चढू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले असते, आणि त्या दुपारी मीच मनात म्हणत होते, चढ गं बाई जरा. लाज वाटत होती, तरी म्हणत होते.

पलीकडे घरघर सुरू झाली आणि काटा हलला. आधी जरासा, मग भराभर. मी फोन लावला.

"चढतोय. थांबव."

तिने कुणाला तरी हाक मारली. पलीकडची घरघर हळूहळू बंद पडली. आता ही फोन ठेवणार, असं मी धरूनच चालले होते.

"आई, ठेवू नकोस," ती म्हणाली. "काटा उतरेपर्यंत बोलत राहा."

कामासाठी म्हणतेस की कशासाठी, हे विचारायचं ओठांवर आलं होतं.

"उतरतोय का?" तिने विचारलं.

काटा चांगला खाली यायला लागला होता.

"नाही गं अजून," मी म्हणाले. "तू जेवलीस का?"