कासवाच्या नाकाखाली बोट

"ही लायब्ररी एकच माणूस सांभाळतो, बघ बाई," असं आमच्या ऑफिसातल्या आजोबांनी मला आधीच सांगितलं होतं. आजोबा म्हणजे बेचाळीस वर्षांचे प्रोग्रामर. आमच्या धंद्यात एवढं वय पुरतं. मी हसून म्हटलं, "एकटी तर मीही सांभाळते की, एक पोरगी आणि तिचा बाप!" आणि लायब्ररी घेतली.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. कुणीतरी कोड लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवतो, तो आपण उचलायचा आणि आपल्या साइटला जोडायचा. मी मुलांच्या दवाखान्याची साइट करत होते. बाळाची जन्मतारीख टाकली की पुढच्या लसींच्या तारखा दिसायच्या. महिने मोजायचं काम ती लायब्ररी करायची. तिचा कर्ता नाव लावत नसे, कासवाचं चित्र लावायचा, म्हणून सगळे त्याला कासवच म्हणत. उत्तर मात्र त्याच दिवशी, वर एक फालतू विनोद फुकट. मला पहिल्यांदा लिहिलं होतं, "सावकाश विचारा, मला कुठेही जायचं नाहीये."

चूक सापडली ती लेकीमुळे. साइट तपासताना मी नेहमी तिचीच जन्मतारीख टाकते, आणि बाईसाहेब जन्मल्या एकतीस तारखेला. पुढच्या महिन्यात तीसच दिवस, तर लायब्ररी उडी मारून त्यापुढच्या महिन्याची एक तारीख दाखवत होती. अर्ध्या तासात दुरुस्ती केली, आमच्या साइटवर चढवली आणि कासवाकडेही पाठवली. मूळ कोडमध्ये ती घालायचा अधिकार फक्त त्याचा.

उत्तर नाही. एक दिवस, दोन, पाच. त्याच्या पानावर माझ्या दुरुस्तीखाली लोकांची रांग लागली. "काही अपडेट?" "आम्हीपण अडकलोय." "कधी होणार हे?" कुणी नुसताच अंगठा. मी जुनी पानं उलटत मागे गेले. दोन वर्षांत कासव सलग दोन दिवसही गप्प बसलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तुझं काम झालं ना?"

"झालं."

"मग?"

"तो बोलत का नाही?"

लेक झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. सासूबाई याला 'हजेरी' म्हणतात. नवऱ्याने हात जोडले. "आता कासवाच्याही नाकाखाली बोट धरणार का?"

धरलंच. लिहिलं, "दुरुस्तीची घाई नाही. तुम्ही बरे आहात ना?"

क्षणात उत्तर आलं. रोबोचं! गर्दी आवरायला कासवानेच तो बसवला होता. "आपली तक्रार अपुरी आहे. नमुन्याप्रमाणे भरा, अन्यथा सात दिवसांत बंद करण्यात येईल."

आता मीही हट्टाला पेटले. नमुना भरला.

काय व्हायला हवं: प्रश्न विचारला की त्याच दिवशी उत्तर आणि एक वाईट विनोद.

प्रत्यक्षात काय होतं: आठ दिवस शांतता.

चूक पुन्हा कशी दिसेल: हाक मारा. वाट बघा.

रोबो खूश. आभार मानून त्याने 'माहिती पूर्ण' अशी चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंचा मजकूर आला. "मी खऱ्या लायब्ररीत असते, पुस्तकं परत करायच्या तारखा याच कोडने काढते. कासवांना एका मेळाव्यात भेटले होते, त्यांचं घर माझ्या वाटेवरच आहे. सुटले की जाऊन येते."

त्या संध्याकाळी लेकीला भरवताना पहिला चमचा तिच्या कानात गेला. नवरा म्हणाला, "तोंड जरा डावीकडे आहे." मी चमचा त्याच्या हातात दिला आणि स्क्रीनसमोर बसले.

"बेल वाजवल्यावर दार उघडायला सात मिनिटं लागली," बाईंनी लिहिलं. "जिवंत आहेत. पुढचं त्यांचं त्यांनी सांगावं."

खाली कासव: "चूक मान्य. कारण, जिना. घोटा मोडला, फोन पायरीवर फुटला. प्लास्टर खाली आणि कॉम्प्युटर वर, अशी नऊ दिवस ताटातूट. शेजारीण दाराशी जेवण ठेवून जाते, तिला ऐकू येत नाही. तुम्ही सगळ्यांनी तारखेची चौकशी केलीत म्हणे, माझी एकीनेच. आज तासभर बोललो, घसा बसलाय. बाईंनी कॉम्प्युटर खाली आणलाय, दुरुस्ती घेतली. रोबोला रजेवर पाठवलंय."

मी रडले की हसले, यावर घरात अजून एकमत नाही.

सकाळी आजोबांना विचारलं, "आपल्या साइटमध्ये अशा एकट्या माणसांच्या लायब्ररी किती?"

त्यांनी यादी काढली. "एकसष्ट."

"मग रोज एकाला विचारीन."

"आणि काम कधी करणार?"

"हेही कामच की!"

तुमच्या कामातही अशी यादी असणार. आज ती उघडा. त्यातलं सगळ्यांत गप्प झालेलं नाव शोधा. चूक सांगू नका, तारीख मागू नका, फक्त विचारा, बरे आहात ना? आणि रोबो आडवा आलाच, तर नमुना भरा, पण उत्तर येईपर्यंत बोट काढू नका.