रबर लावलेला सेट

आक्का जाऊन आज नववा दिवस. मला अजून रडू आलेलं नाही. बायको म्हणते, एकदा मोकळे व्हा. काय मोकळं होणार, कपाळ!

मी औषधांच्या गोदामात सुपरवायझर आहे. आत मोबाइल न्यायला बंदी, तो दारातल्या कपाटात ठेवायचा. त्यामुळे आमचं सगळं बोलणं वॉकीटॉकीवर. जुने सेट बिघडले तेव्हा नवे आणायचं काम माझ्याकडे आलं. पेठेतल्या दुकानदारानं सरकारी शिक्क्याचे सेट दाखवले. म्हणाला, "हे एक मिनिट सलग बोललात की आपोआप बंद होतात. चॅनल दुसऱ्याला मोकळं व्हावं म्हणून तशी सोयच आहे."

"बोलता बोलता गप्प बसणारा सेट मला कशाला हवा? घरात आहे की बायको, मला गप्प करायला," मी म्हणालो. हसलोसुद्धा. मग परदेशातून सहा सेट मागवले. छोटे, देखणे. सोबतची पुस्तिका कोणाच्या बापाला वाचता येईना. चॅनल आलं होतं तेच राहू दिलं.

ट्रक भरताना मोजणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. म्हणून बोलायचं बटण दाबलेलंच राहील असा त्याला रबर गुंडाळायचा आणि सेट छातीशी लटकवून खोकी मोजत राहायचं. ही युक्ती माझीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही खोटं नाही.

काल वायरलेस खात्याचा माणूस आला. किडकिडीत, हातात एरियल. आमचे सहाही सेट त्यानं टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाला, "हे चॅनल ॲम्ब्युलन्सचं आहे. ऐका." मग त्यानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

माझाच आवाज. "चौतीस... पस्तीस... अरे हळू, तुझ्या सासऱ्याचा माल आहे का?" मागे सगळे हसतायत. त्या हसण्याखालून, तुटत तुटत, दुसरा एक माणूस: "पूल बंद आहे... कंट्रोल... कुठून वळू?" कंट्रोलचं उत्तर काही ऐकू येत नाही. मग पुन्हा मी. छत्तीस.

"शेवटी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं मोबाइल लावला," तो माणूस म्हणाला. "तोवर वीस मिनिटं गेली. शिंप्याच्या गल्लीतल्या कोणी बाई होत्या. वाचल्या नाहीत."

शिंप्याच्या गल्लीतले शिंपी म्हणजे माझे भाऊजी. आई गेल्यावर आक्कानंच मला वाढवलं. त्या सकाळी तिच्या छातीत कळ आली तेव्हा भाऊजींनी मला अकरा फोन केले होते. फोन कपाटात होता.

त्या माणसानं सेट पिशवीत भरले, रबर काढून टेबलावर ठेवला, सही घेतली आणि गेला. मी डबा खाल्ला. सगळा खाल्ला, याचंच मला राहून राहून नवल वाटतं.

संध्याकाळी भाऊजींकडे गेलो. ते मशीनशी बसून कोणाच्या तरी शर्टाला काज करत होते. आक्काची खुर्ची खिडकीपाशी होती तशीच होती. मी स्टुलावर बसलो.

"ॲम्ब्युलन्सवाला भेटला होता," भाऊजी मान वर न करता म्हणाले. "बिचारा माफी मागत होता. म्हणे, वायरलेसवर कोणी मेला एकसारखा आकडे मोजत होता, त्याला काही ऐकूच येईना. कोण असेल रे तो?"

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना कोण सांगायला येणार होतं? पण तोंड आपोआप उघडलं.

"मी होतो, भाऊजी."

त्यांचा हात थांबला. दोरा दातांनी तोडून त्यांनी सुई टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली. शिव्या घालतील, हाकलून देतील, निदान ओरडतील तरी, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तू मोजत होतास ना? ती इथे खुर्चीत होती तोवर. किती झाले?"

"एकशे बारा," मी म्हणालो.