आक्काकडचं कालवण

आचाऱ्याने धुरावर भाजलेल्या माशाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि टपरीवाल्या बाईला म्हणाला, "लाकूड ओलं होतं बाई तुमचं."

बाई हसली. "आज सकाळीच आलंय. कसं ओळखलंत?"

"जीभ आहे ती," गाडीला टेकून उभा असलेला जावई म्हणाला. "आमच्याकडे लोक आधी यांना विचारतात आणि मग लग्नाची तारीख धरतात."

मुलीने बापाच्या हातातला कागद घेऊन उरलेला मासा संपवला. सकाळपासूनचा हा चौथा की पाचवा थांबा. रस्त्यात जे जे त्या बाजूचं म्हणून मिळेल ते आचारी खात होता आणि प्रत्येकाचा निकाल देत होता. त्याची बायको मात्र गाडीतून उतरली नव्हती. मांडीवरची पिशवी घट्ट धरून ती समोरच्या काचेतून रस्ता बघत होती.

घशाचा आजार बरा झाला, पण उपचारांनी जिभेची चव नेली होती. चव परत येईलही, नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले. कित्येक महिने आचारी घरात बसून राहिला. मोठी पातेली मागच्या अंगणात पालथी पडली. पुढ्यात आलेलं ताट तो औषध घ्यावं तसा संपवायचा. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि म्हणाला, "आली चव." मुलगी फोनवरच रडली. जुने मदतनीस पुन्हा गोळा झाले, पुढच्या महिन्यातलं एक मोठं लग्नही त्याने घेऊन टाकलं. पण त्याआधी एकदा आक्काकडे जायचं, असा त्याने हट्ट धरला.

आक्का त्याची मावसबहीण, वयाने बरीच मोठी. पोरवयात तिच्या चुलीपाशी उभं राहून तो स्वयंपाक शिकला होता. पुढे नातं लांबचं होत गेलं आणि कोणी गेल्याचं कळवण्यापुरतं उरलं.

गाडी शिरेना म्हणून बोळाच्या तोंडाशीच सोडावी लागली. आक्का दारात उभी होती. तिला आता फार दिसत नव्हतं. तिने आचाऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"चाटू! केवढा म्हातारा झालास रे!"

"तू कुठे तरुण राहिलीस?"

"मला दिसत नाही, म्हणून मी तरुणच," आक्का म्हणाली आणि मुलीकडे वळली. "याच्या हाती कालवण ढवळायचा लाकडी चाटू लागला की तो धुवायची गरज नसायची. चाटून लख्ख. म्हणून चाटू."

बापाला असं कोणी हाक मारतं हे मुलीला माहीतच नव्हतं. ती खळखळून हसली. आचारीही हसला आणि नेहमीच्या सवयीने स्वयंपाकघरात शिरला. पण आक्काने त्याला बाहेर काढलं.

"आज तू पाहुणा. पहाटेपासून लागलेय मी. कोणाचा हात लागू दिला नाही."

पाटावर बसवून तिने स्वतः वाढलं. वाफाळता भात, त्यावर माशाचं आंबट कालवण. वाढताना ती ताटाची कड बोटाने शोधत होती. मग पदराला हात पुसत आचाऱ्यासमोर बसून राहिली.

त्याने पहिला घास घेतला. डोळे मिटले.

"तीच चव, आक्का. तसूभर फरक नाही."

"मीठ?"

"बेताचं. तुझा हात कधी चुकला होता?"

मुलीने घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. कालवण खारट नव्हतं, मीठच होतं नुसतं. जावयाला ठसका लागला. त्याने पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. मुलीने बापाकडे पाहिलं. आक्काचं मन राखतायत, तिला वाटलं. तिला त्याचं कौतुकही वाटलं.

पण त्याने आणखी कालवण मागून घेतलं. भात कालवला, घासामागून घास खाल्ला. शेवटी ताट तिरपं करून उरलेला रस तो ओंजळीतून प्यायला. पाण्याला हातसुद्धा लावला नाही. मन राखणाऱ्या माणसाच्या कपाळावर निदान एक आठी तरी उमटते. मुलगी ती आठी शोधत राहिली. मग तिला टपरीच्या दारातला ओल्या लाकडांचा ढीग आठवला. बाबा आधी त्याच्यापाशी उभे राहिले होते, आणि मग मासा खाल्ला होता. तिने मान खाली घातली.

तिची आई मुकाट्याने जेवत होती. लहान लहान घास, न थांबता.

आचाऱ्याने मान वर केली. जावयाचा रिकामा पेला पाहिला, मुलीचं तसंच राहिलेलं ताट पाहिलं. त्याचा हात ताटावरच थांबला.

"का रे, सगळे गप्प का?" आक्काने विचारलं. कोणी बोलेना, तेव्हा तिने पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं बाई! दोनदा घातलं की काय मी मीठ?" तिने कपाळाला हात लावला. मग तिचा आवाज भरून आला. "आणि तू ओरपून खाल्लंस! आक्काला वाईट वाटू नये म्हणून. लहानपणापासून तू असाच."

आचाऱ्याने ताट पुढे सरकवलं.

"हो, आक्का," तो म्हणाला.

आक्काने त्याचं उष्टं मनगट धरून गालाला लावलं. बायकोने ताटातला शेवटचा घास संपवला आणि उठून सगळ्यांची ताटं उचलली.

परतीच्या वाटेवर जावयाने गाणी लावली आणि लगेच बंद केली. बऱ्याच वेळाने आचारी मागच्या सीटवर, बायकोला ऐकू जाईल इतकंच म्हणाला, "लग्नवाल्यांना उद्या कळवतो. दुसरा आचारी बघतील."

"कळवू."

"तुला आज कळलं?"

तिने नाही अशी मान हलवली. "चव आली म्हणालात त्याच दिवशी. चहा गोड लागतोय म्हणालात. साखर घालायची राहिली होती माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"किती महिन्यांनी हसला होतात."

पुढच्या सीटवर मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

वळणावर एक म्हातारा पेरू विकत बसला होता. बायकोने गाडी थांबवायला सांगितली. वाटेतल्या थांब्यावर ती आज प्रथमच खाली उतरली आणि एक पेरू चिरून घेऊन आली. एक फोड तिने नवऱ्याला दिली, एक स्वतः तोंडात टाकली.

"करकरीत आहे," ती म्हणाली.

"ते कळतंय मला. पुढचं सांग."

"गोड." ती थांबली. त्याच्यासारखं सांगणं तिला कधी जमलं नव्हतं. "सरळ गोड नाही. आधी थोडं तुरट, सालीपाशी. मग आत..."

"आत काय?"

तो डोळे मिटून थांबला होता. तिला शब्द सापडेना. तिने आणखी एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावू लागली.