वाकडी कॉलर

तिचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारालगत पायमशीन, मागे तयार कपडे टांगायचा दांडा आणि भिंतीवर ठोकलेल्या खिळ्याला कात्री. आसपासच्या चार गल्ल्यांत तिच्या हाताला नाव होतं. ‘कापड टाकावं आणि निर्धास्त व्हावं,’ असं लोक म्हणत. ते कानावर आलं की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

तिची धाकटी तेरा वर्षांची. युवा मंडळात नाव घालायचं तिने ठरवलं तेव्हा आईही बरोबर गेली. मंडळाचा नियम साधा होता. एक काम निवडायचं आणि सहा महिन्यांत ते आपल्या हातांनी तडीस न्यायचं. मंडळ चालवणाऱ्या ताईंनी यादी पुढे सरकवली. परसबाग, सुतारकाम, सायकल दुरुस्ती, शिवण. धाकटीचं बोट सायकलीवर थांबलं.

“सायकल? हात काळे करून घ्यायची हौस आलीय का?” आई म्हणाली. “घरात मशीन आहे, शिकवायला मी आहे. शिवण लिहा हो ताई.”

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. “तुला काय करायचंय?”

धाकटीने खांदे उडवले. “शिवण चालेल.”

फॉर्मच्या खाली लिहिलं होतं, ‘पालकांनी सांगावं, हात लावू नये.’ आईने वाचलं आणि झोकात सही ठोकली.

बाबांसाठी शर्ट शिवायचं ठरलं. बाबा वायरमन. ते म्हणाले, “मला काहीही चालेल बाई, फक्त दोन बाह्या दे, तीन नको.” पहिला महिना धाकटीने रडतखडत काढला. पण कापड बेतताना तिला काय गोडी लागली कोण जाणे! शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती मशीनवर बसू लागली. जीभ बाहेर, डोळे सुईवर. बाह्या बऱ्या बसल्या, खिसा जमला. कॉलर मात्र काही केल्या जमेना. तीनदा उसवली, चौथ्यांदा लावली. एक टोक वर, एक खाली, आणि मानेशी चुणी. तरी ती शर्ट हातात धरून नाचत आली.

“आई, बसली! थोडी वाकडी आहे, पण बसली!”

“छान,” आई म्हणाली. डोळे मात्र त्या चुणीवरून हलेनात.

मंडळाच्या प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. बँकेतल्या बाई ब्लाउज न्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “लेकीचा शर्ट बघायला येणारे हं मी! तुमच्या तालमीत तयार झालेली, म्हणजे बघायलाच नको.”

त्या गेल्या आणि आईचे हात शिवशिवायला लागले. लोक काय म्हणतील? दिव्याखाली अंधार म्हणतील. धाकटी शाळेत होती. आईने शर्ट काढला, कॉलर उसवली, ती ताठ ठेवणारं आतलं बकरमचं कापड नव्याने कापलं आणि अर्ध्या तासात अशी कॉलर बसवली की टोकाला टोक जुळलं. हात लागलाच होता, म्हणून खिशाची शिवणही सरळ केली. शर्टाला इस्त्री केली, घडी जिथल्या तिथे ठेवली.

संध्याकाळी धाकटीने घडी उघडली. बराच वेळ पाहिलं. मग ती पुन्हा घातली आणि दप्तर उघडून बसली. आईने मनाशी म्हटलं, पोरीच्या लक्षात नाही आलं. पण चोराच्या मनात चांदणं. जेवताना तिने धाकटीला दोनदा उगाचच वाढलं आणि दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. मुलं आपापल्या टेबलामागे उभी होती. धाकटीच्या टेबलाशी गर्दी जमली. बँकेतल्या बाई शर्ट उलटसुलट करून बघत होत्या. “वा! कॉलर तर अगदी तुमच्या हातची वाटते!” आई हसली. हसू ओठांवरच वाळलं.

तेवढ्यात परीक्षक आले. जुने, निवृत्त टेलरमास्तर. त्यांनी कॉलरवरून अंगठा फिरवला आणि धाकटीला विचारलं, “फार सुरेख. टोकं कशी उलटवलीस, सांग बरं.”

धाकटीने शर्टाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला नाही माहीत. ही कॉलर माझी नाही. मी लावलेली वाकडी होती.”

“मग ही कुणी लावली?”

धाकटीने आईकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती. परीक्षकांची नजर, बँकेतल्या बाईंची नजर, शेजारच्या टेबलावरच्या पोरांची नजर, सगळ्या एकाच जागी येऊन थांबल्या. आईचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ‘मी थोडी मदत केली,’ असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते खोटं जिभेवरून पुढे सरकेना.

“मी लावली,” ती म्हणाली. “तिने नव्हतं सांगितलं. ती शाळेत असताना मी उसवली.”

परीक्षकांनी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. चार बोल कुणी सुनावले असते तर तिला परवडलं असतं.

घरी जाताना दोघी रस्त्याच्या कडेने चालत होत्या. शर्टाची पिशवी धाकटीकडे होती.

“चुकलं माझं,” आई म्हणाली.

“मला त्याच दिवशी कळलं होतं. माझे टाके एवढे बारीक येतच नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तू सांगशील. दोन दिवस वाट बघितली.”

बँकेतल्या बाईंना काय वाटेल हे तिने शंभर वेळा मनात घोळवलं होतं. या पोरीला काय वाटेल, हे एकदाही नाही.

पुढच्या आठवड्यात नव्या सहा महिन्यांचा फॉर्म आला. आईने आपणहून म्हटलं, “सायकल घे हवं तर. मी काही बोलणार नाही.”

“शिवणच घेणारे,” धाकटी म्हणाली. “पण मंडळातल्या मशीनवर. घरी नाही.”

आईने सही केली. या खेपेला ‘हात लावू नये’ ही ओळ दोनदा वाचून.

पहिल्या दिवशी ती न राहवून मंडळाकडे गेली आणि बाहेर खिडकीशी थांबली. आत धाकटी जुन्या खडखडत्या मशीनवर वाकली होती. कापड तिरकं सरकत होतं, शिवण भरकटत होती, आणि पोरीला त्याचा पत्ताच नव्हता. आईने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले.

ताईंनी तिला पाहिलं. “काकू, आत या ना! बाहेर का उभ्या?”

मशीन थांबली. धाकटीने मान वर केली. ती रागावली नाही, हसलीही नाही. नुसती बघत राहिली, आई काय करते ते.

“नको,” आई म्हणाली. “सहज आले होते. चालू दे तिचं.”

आणि ती घराकडे वळली. कोपऱ्यापर्यंत तिला मागून मशीनचा आवाज येत होता, मधेच अडखळणारा, पुन्हा सुरू होणारा.