रोहिणीने जोडलेला सर्व्हर

रोहिणीने कधीकाळी हौसेने जोडलेला घरचा सर्व्हर त्या सकाळी सुरूच होईना. पंखा फिरे, पण पडदा काळाच. वारलेल्या आईच्या, विठाबाईंच्या आवाजातली सगळी भीमगीतं त्यातच होती.

“भंगारात दे गं आता,” नवरा प्रफुल्ल म्हणाला. द्वारका चौकातल्या संगणकाच्या दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं.

“मी जोडलाय, मीच सुरू करणार!” रोहिणी ठणकावून म्हणाली. तिने झाकण उघडून धूळ झटकली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून पाहिली. पहिलीने काहीच झालं नाही. दुसरी लावताच पडद्यावर अक्षरं उमटली.

“अर्ध्या मेमरीवर रडतखडत चालेल,” प्रफुल्ल पुटपुटला.

“चालू दे की! चालतोय ना?” असं म्हणत ती गाण्यांची दुसरी प्रत काढायला बसली.