उठायची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. माझ्यावर बसायला कुणी येत नाही, उठायला येतात.

सुताराने मला साध्या लाकडात घडवलं. पाठ सरळ, हात नाहीत, गादी नाही. "ही कसली खुर्ची? पाहुणा दोन मिनिटांत पळेल," असं त्याची बायको म्हणाली होती. पण डॉक्टरबाईंना मी अशीच हवी होते. त्या कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, संशोधन करत होत्या. रोग्याने हात छातीशी बांधायचे आणि कशालाही न धरता माझ्यावरून उठायचं. कितव्या प्रयत्नात उठला ते बाई लिहून ठेवत. नव्या औषधाने दुखण्याचा वेग कमी होतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

नियम एकच, पण कडक. नेहमीची सकाळची गोळी घरी घ्यायची नाही, तपासणी झाल्यावर घ्यायची. गोळी पोटात गेली की काही तास शरीर बरं असल्याचं सोंग आणतं, आणि खरं दुखणं दिसत नाही.

नवं औषध घेणारे बावीस जण यायचे. त्यांत घड्याळं दुरुस्त करणारे एक काका माझे लाडके. "बाई, जन्मभर लोकांची घड्याळं चालू केली, आता माझीच चावी संपत आलीय," म्हणत बसायचे. त्यांच्या पायांची थरथर माझ्या पायांत उतरायची.

पहिल्या वर्षी ते दुसऱ्या प्रयत्नात उठत. तिसऱ्या वर्षी तिसऱ्या. ज्यांना हे औषध नव्हतं, ते तोवर पाच-सहावर गेले होते. बाईंना त्या तीनचं केवढं अप्रूप! पण इतरांचे आकडे रोग्याला सांगायचे नसतात. त्यामुळे काकांना वाटायचं, आपण नापास होतोय.

मग निधी देणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला येणार असं ठरलं. पुढच्या तीन वर्षांचा पैसा त्यांच्या हातात होता. काकांनी हे बाहेरच्या बाकावर ऐकलं.

पाहणीच्या दिवशी काका बसले, पण त्यांची थरथर माझ्या पायांत उतरलीच नाही. सोबत आलेल्या काकू कुजबुजल्या, "अहो, डबीत सकाळची गोळी नाही. घेतलीत की काय?"

"हळू बोल! पोरीने तीन वर्षं जिवाचं रान केलंय. माझ्यापायी तिची मान खाली जायला नको."

मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं! काका एका झटक्यात उठले. पाहुणे खूश झाले. बाईंना मात्र शंका आली. त्यांनी काकांचं रक्त तपासायला घेतलं, आणि रक्तात गोळी सापडली.

तो कागद दाबून ठेवता आला असता. बाईंनी तो स्वतःच्या हाताने संस्थेला पाठवला. उत्तर आलं, एकाने नियम मोडला तर बाकीच्यांनी पाळला कशावरून? निधी बंद. बावीस जणांचं औषधही थांबलं. मला संस्थेचा राग आला, काकांचाही आला, पण काकांवरचा टिकला नाही.

आता खोली जवळजवळ रिकामी आहे. कपाटं गेली, उद्या मला कुठल्याशा कचेरीत नेणार आहेत. आज काका-काकू बाईंना भेटायला आले होते. यावेळी काका उभेच राहिले, दाराची चौकट धरून.

"पैसे नाही मिळाले म्हणे? अहो, त्या दिवशी तर मी पहिल्याच झटक्यात उठलो होतो!"

काकूंनी मान खाली घातली. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"हो काका. छान उठलात तुम्ही."

"मग? पुन्हा सुरू झालं की आधी मला बोलवा. मी घरी सराव सोडलेला नाही."

ते गेल्यावर बाई माझ्यावर बसल्या आणि रडल्या.

तुम्हाला ते काका कुठे भेटले तर खरं काय झालं ते सांगू नका. पण अशा कामाला पैसे देणारं कुणी भेटलं, तर एवढं जरूर सांगा: एक म्हातारा त्या नव्या औषधाविना रोज खुर्चीवरून उठायचा सराव करतोय, आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघतोय.